शनिवारचा पलंग

पाइपवाला माल मोजून देतो तेव्हा मी तोंडानं 'असू द्या, असू द्या' म्हणतो आणि खिशातून माझा टेप काढतो. त्याच्यासमोरच परत मोजतो. त्याला राग येतो; येऊ दे. लोखंडाच्या कामात नुसत्या डोळ्यांवर विसंबणारा माणूस बुडतो, कारण जाड पत्र्याचा पाइप आणि पातळ पत्र्याचा पाइप बाहेरून सख्खे भाऊ दिसतात. पातळ पाइपाचा पलंग पहिलं वर्ष गुमान उभा राहतो आणि दुसऱ्या वर्षी कुरकुरायला लागतो. तोवर दुकानदार आपल्याला ओळखेनासा झालेला असतो. म्हणून मी आधी मोजतो, मग वजन करायला लावतो, आणि माल गाडीवर चढला की दोरीची गाठ दोनदा ओढून बघतो. माझी बायको याला आजार म्हणते. 'तुमाला भाजीतलं मीठ बी तागडीवर टाकून पायजे,' असं ती एकदा म्हणाली, तेव्हा मला पहिला संशय हा आला की आज भाजीत मीठ जास्त पडलं असावं. पडलंच होतं.

पोटासाठी मी दिंद्रुडजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. लोखंड हा नाद. चित्रकलेचा डिप्लोमा करत असताना सुट्ट्यांमध्ये एका वर्कशॉपवर वेल्डिंग शिकलो, आणि तेव्हापासून कागदावर मारलेली रेघ पाइपात वाकवून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरामागं पत्र्याची शेड आहे. तिथं मी पलंग, दिवाण, झोपाळे, खुर्च्या करतो. प्रत्येक वस्तूचं चित्र आधी काढतो, गिऱ्हाइकाला दाखवतो. गिऱ्हाईक ते चित्र लक्ष देऊन बघतं, 'लई भारी' म्हणतं, आणि मग पलंगाच्या डोक्याकडे दोन मोर मागतं. एका पलंगाला मी ज्वारीची कणसं काढली होती. त्या घरची म्हातारी म्हणाली, 'दिसभर कणसं खुडायची आन रातच्याला बी कणसाखालीच निजायचं व्हय?' तिचं काही चुकलं नव्हतं. पुन्हा मोरांवर आलो.

खरी अडचण वाराची होती. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी लाइटही टिकून असते, म्हणजे सलग काम करायला आठवड्यात तीच दुपार सगळ्यात चांगली. आणि आमच्याकडे शनिवारी कुणी लोखंड विकत घेत नाही की घरात आणत नाही. शनीचा वार. पण विकत घेणं वेगळं आणि घडवणं वेगळं, हे गिऱ्हाइकाला कोण समजावणार? शनिवारी ग्राइंडरचा आवाज निघाला की रस्त्यावरून जाणारा माणूस सायकलचा वेग कमी करतो. कुणी उगाच पाणी मागायला येतो आणि पिता पिता शेडमध्ये नजर फिरवून जातो. आपला दिवाण तर नाही ना तिथं? म्हणून मी तोडगा काढला होता. शनिवारी फक्त शाळेचे बाक. मोडलेले जोडायचे, नवे उभे करायचे. सरकारी वस्तूला शनी लागत नाही, हे सगळ्यांनी न बोलता मान्य केलेलं होतं. कुणी विचारलं तर मी सांगायचो, 'बाक आहेत.' आणि खरोखर बाकच असायचे. मी माणसांवर विश्वास ठेवत नाही, पण खोटंही बोलत नाही.

आमच्या घरात शनी नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातल्या सगळ्यांबरोबर तोही गेला. गिऱ्हाइकाचा शनी गिऱ्हाइकाच्या घरी सुखी राहो, आपलं काय जातं, असं मी म्हणायचो. आजोबांनी एक गोष्ट मात्र आमच्यासाठी मागं ठेवली. ते कुणाच्या ओसरीवर चहाला बसले की आधी सगळ्यांच्या हातातले कप बघायचे, मग आपला. तेच माझ्या वडिलांनी केलं, तेच मी करतो. आता सगळे बदललेत म्हणतात. बदललेही असतील. मी कप बघतो.

अशात एका रविवारी एक शेतकरी गृहस्थ आले. घर खाऊनपिऊन सुखी, गावात चार माणसं ज्याचा शब्द ऐकतात असं. त्यांची थोरली मुलगी माझ्या हाताखाली शिकलेली. आता अंबाजोगाईला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती.

'पोरीचं जमलंय, सर,' ते म्हणाले. 'तलवाड्याकडचे पाव्हणे हायेत. पोरगा पुण्याला कंपनीत हाय. आंदणात पलंग द्यायचा. दोन मोर टाका, तोंडाला तोंड.'

मग त्यांनी खिशातून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं आणि शेडमधल्या पाइपांना एकेक करून लावलं. सगळीकडे खट्कन चिकटलं. लोखंडाला लोहचुंबक लावून त्यांची कशाची खात्री पटली मला ठाऊक नाही, पण चेहरा समाधानी झाला. नखानं रंग खरवडून बघितला. वेल्डिंगच्या जोडावर अंगठा फिरवला. मला हा माणूस आवडला. आपल्यातलाच वाटला.

'आन एक,' जाता जाता ते म्हणाले. 'शनवारी हात लावायचा न्हाई.'

'शनिवारी बाक असतात.'

'ते बघितलंय. मागल्या शनवारी मी हितून गेलतो.' म्हणजे पाहणी आधीच झालेली होती. 'पोराला साडेसाती चालू हाय. आईबाप न्हाईत त्येला, आत्यानं वाढीवलं. ती आत्या लई कडक हाय. मनली, लोखंडाचं काय बी द्या, पर शनवारचं नको. शनवारचं निघालं तर लग्न मोडलं समजा.'

मी मान डोलावली. काम घेतलं.

दोन-चार दिवसांनी संध्याकाळी ती मुलगी स्वतःच घरी आली. ओढणी तोंडाभोवती गुंडाळलेली, स्कूटी थेट अंगणात आणलेली. माझी बायको चहा ठेवायला उठली तर तिला म्हणाली, 'काकू, तुमी बी बसा.' मग माझ्याकडे वळून एका दमात म्हणाली, 'सर, माझा पलंग शनवारी करा.'

पहिला संशय हा आला, की हिला बापानं पाठवलंय, माझी परीक्षा बघायला. दुसरा संशय आला तो अशा वेळी सगळ्यांना येतो तोच: हिचं दुसरीकडं कुठंतरी आहे. चोरालाही बोलायला जागा द्यावी, आपोआप बोलतो, असं मी मानतो. ती चोर नव्हती, पण माझी पद्धत सगळ्यांना एकच.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. 'सर, बोलू नका,' ती घाईनं म्हणाली. 'बाप्याचा आवाज नको.' माझ्या बायकोला तिनं आपल्या शेजारी ओढून घेतलं आणि फोन उचलला. मी माझ्याच घरात दाराआड उभा राहिलो.

पलीकडचा, तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा, आवाज गोड होता, हे सांगितलं पाहिजे. ओरडणं नाही, शिवी नाही. 'कुटं हायस? कोणाचं घर हाय हे? त्या बाई कोण? फोन फिरव. सावकाश फिरव. घड्याळ दाखव भिंतीवरचं. तिथं दाराखाली चपला कुणाच्या हायेत?'

चपला माझ्या होत्या. 'माज्या मालकाच्या,' बायको म्हणाली, 'शाळेत गेलेत.' संध्याकाळी कुठली आली शाळा, पण त्याला ते सुचलं नाही आणि फोन ठेवला गेला.

मग तिनं सांगितलं. साखरपुडा झाल्यापासून हे चाललेलं. वॉर्डात ड्युटी असली की वॉर्डाचा फोटो. कोणता डॉक्टर, कोणत्या पलंगावर बाप्या, कोणत्या पलंगावर बाई. एकदा तो न सांगता अंबाजोगाईला येऊन हॉस्टेलच्या फाटकासमोर दिवसभर बसून राहिला, कोण येतं कोण जातं ते बघत. संध्याकाळी तिला भेटून म्हणाला, 'आज तू खरं बोललीस.' मग ती म्हणाली, 'नापास केलं असतं तर बरं वाटलं असतं, सर. पास केलं त्याचं भ्याव वाटलं.'

'आप्पांना सांगितलंस?' मी तिच्या वडिलांबद्दल विचारलं.

'सांगितलं. आप्पा मनले, काळजी हाय पोराला. मायला सांगितलं. माय मनली, लग्न झाल्यावर थांबंल. कुणी ऐकंना. शनवारचं मात्र समदे ऐकतील.'

संशयी माणसाची पारख करायला मला बाहेर जावं लागत नाही. पण मी पाइप मोजतो. पाइपाला त्याचं काही वाटत नाही. या पोरीनं फोन बंद झाला तरी तो पालथा घालून मांडीखाली दाबून धरला होता.

तरी आधी सरळ रस्त्यानं जावं म्हणून मी तिच्या वडिलांकडे गेलो. ओसरीवर आणखी दोन माणसं बसली होती. ती उठून जाईपर्यंत मी पावसापाण्याचं बोलत राहिलो. चहा आला तेव्हा ती माणसं अजून बसलेलीच होती. त्यांना कपात आला, मला स्टीलच्या पेल्यात. कप कमी पडले असतील. असतीलही. ती माणसं गेल्यावर मी जे कानांनी ऐकलं ते सांगितलं, मुलगी घरी आली होती हेही सांगितलं. पलंग शनिवारी करायला सांगितला, ते तेवढं सांगितलं नाही.

गृहस्थांनी रिकामा कप बाजूला सारला. मग म्हणाले, 'सर, बायकोची चौकशी नवरा न्हाई करणार तर कोण करणार?'

'आणि नवऱ्याची चौकशी कुणी केली?'

'केली की. घर हाय, रान हाय, निर्व्यसनी हाय. सुपारी बी खात न्हाई.' ते उठले. 'तुमी पलंगाचं बघा.'

घरी येईपर्यंत मी चिडून गेलो होतो. या माणसानं लोखंडाला चुंबक लावलं, रंग खरवडला, शनिवारी मुद्दाम वाकडी वाट करून माझ्या शेडवर पाळत ठेवली. आणि ज्याच्या घरी पोटची पोर जायची त्याला नुसतं सुपारीवर पास केलं! मी बायकोपुढं तावातावानं बोललो. ती ज्वारी निवडत होती. 'काम जाईल,' मी म्हणालो. 'लोक म्हणतील, यानं आपल्यातलं लग्न मोडलं. यानं म्हणजे कुणी, ते बी म्हणतील.' तिनं मान वर केली नाही. 'समद्या जगावर संशय घेता,' ती म्हणाली. 'आता जिथं घ्यायचा तिथं घ्या.'

शनिवारी शाळा सुटली. जेवलो, शेडची दोन्ही दारं सताड उघडली, बाक सगळे भिंतीकडे सारले आणि पलंगाचे पाय मधोमध उभे केले. गुण्या लावून काटकोन बघितला, वेल्डिंगचे टाके मारले. मोर मी आठवड्यात सळी वाकवून तयार ठेवले होते. ते त्या दुपारी जोडले. मला सांगायला संकोच वाटतो, पण काम फार छान झालं. फक्त एका मोराची चोच किंचित वाकडी राहिली, कारण नेमका तेव्हा शेजारचा दुकानदार पाणी मागायला आला.

पाणी पिऊन तो बराच वेळ उभा राहिला. शेवटी त्याला राहवेना. 'सर,' तो म्हणाला, 'शाळेच्या बाकाला मोर कावून?'

'बाक नाही. पलंग आहे.'

'कुणाचा?'

मी सांगितलं.

त्यानं पेला खाली ठेवला आणि निघाला. इतक्या लगबगीनं जाताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. रविवारी दुपारपर्यंत बातमी तलवाड्याकडे पोहोचली, आणि सोमवारी मी शाळेतून घरी येतो तर अंगणात जीप. त्या मुलीचे वडील, आणि एक पांढऱ्या केसांची, काटक बाई. आत्या.

माझी समजूत अशी होती, की खाष्ट, तोंडाळ बाई येईल आणि मग मला सोपं जाईल. तसं झालं नाही. ती शेडच्या दारात थांबली, आत आली नाही. 'मास्तर,' ती म्हणाली, 'माझा मालक शनवारी नांगराचा फाळ घिऊन आलता. मी मनले व्हते, उद्या आणा. हसले. दुसऱ्या दिशी रानात गेले ते चौघांच्या खांद्यावर आले. लोक मनतात, आसं काय नसतं. नसल. पर मी त्या पोराला एकलीनं वाढीवलं. मला खरं सांगा. कवा केला ह्यो पलंग?'

मुलीचे वडील माझ्याकडे बघत होते. त्यांना माझ्या तोंडून फक्त एक शब्द हवा होता. रविवार. तो शब्द म्हटला असता तर शेजाऱ्याला कुणीही खोटं पाडलं असतं.

'आत्या,' मी म्हणालो, 'वाराचं सोडा. तुमच्या पोराचा स्वभाव—'

'पोरगा लई सरळ हाय. समद्याची इचारपूस करतो. मी इचारलं त्येचं सांगा.'

'शनिवारी केला.'

तिनं डोळे मिटले. मग वडिलांकडे वळली. आवाज चढवला नाही. 'पाव्हणं, मी एकच गोष्ट मागितली व्हती. तुमच्या मनात काय व्हतं?' ती जीपमध्ये जाऊन बसली. मला त्या बाईचं वाईट वाटलं, आजही वाटतं. तिच्या भीतीत काही खोट नव्हती, आणि मी नेमका तिथंच हात घातला होता.

गृहस्थ मात्र थांबले. अंगणात उभं राहून मला जे बोलायचं ते बोलले. त्यातलं बरंच मी लिहिणार नाही. शेवटी म्हणाले, 'तुमाला शनी न्हाई, पर आमाला तर हाय ना! कावून केलं?' मी सांगितलं असतं, पण मुलीचं नाव पुढं आलं असतं. माझं तोंड मिटलेलं बघून गावानं आपापले अर्थ लावले. कुणी म्हणालं, मास्तरानं जुना दावा साधला. कुणी म्हणालं, दुसऱ्या पार्टीकडून फूस होती. आणि हळू आवाजात असंही म्हटलं गेलं, की पोरीचंच कुठंतरी होतं.

लग्न मोडलं. पलंग कुणीच नेला नाही. नवी कामंही आली नाहीत. मला 'शनवारे सर' म्हणू लागले, आधी पाठीमागं, मग तोंडावर. मी बाक करत राहिलो. पलंगावर माझी बायको उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायची आणि मोरांवर ओले टॉवेल.

ते सगळं मी सोसलं. पण त्या शेवटच्या वाक्यानं माझी पाठ सोडली नाही. पोरीचंच कुठंतरी होतं. ते मलाही पहिल्या संध्याकाळी वाटलं होतं ना? फोन मी स्वतः ऐकला होता, दाराआड उभा राहिलो होतो, मांडीखाली दाबलेला फोन बघितला होता. तरी रिकाम्या शेडमध्ये बसलं की मनात किडा वळवळायचा. एका पोरीच्या सांगण्यावरून आपण एवढं केलं. आपण पाइप तरी असा न मोजता घेतला असता का?

ती परीक्षा पास झाली, अंबाजोगाईलाच एका दवाखान्यात लागली. बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी टेम्पो घेऊन दारात उभी राहिली. खोली घेतली होती, पलंग न्यायचा होता. तब्येत सुधारली होती, हसत होती. ओढणी तोंडाला नव्हती. टेम्पोवाला खाली उतरला, पलंग बघून घुटमळला.

'मॅडम, आज शनवार हाय. उद्या नेऊत की.'

'उद्या माझी डुटी हाय,' ती म्हणाली. 'उचला.'

आम्ही तिघांनी पलंग चढवला. माझ्या बायकोनं आतून कुरडयांची पिशवी आणून तिच्या हातात दिली. आप्पा आता थोडं बोलतात, असं ती सांगत होती. माय परवा खोली बघून गेली. टेम्पोवाला दोरी आवळायला पलीकडे गेला, बायको पाणी आणायला आत गेली, आणि आम्ही दोघंच उरलो. मला वाटलं, ही वेळ परत येणार नाही. एकदा कळलं की डोकं शांत होईल. मी आवाज शक्य तितका मऊ केला.

'एक विचारू? राग मानू नको. तेव्हा तुझं दुसरं कुणी होतं का?'

तिचं हसू गेलं. वाकड्या चोचीच्या मोरावर धूळ होती, ती तिनं बोटानं पुसली.

'तो बी हेच इचारायचा, सर,' ती म्हणाली. 'पयलं असंच, हळू आवाजात.'

मला जागच्या जागी गाडून घ्यावंसं वाटलं. टेम्पोवाला दोरी बांधून समोर आला, आणि निव्वळ सवयीनं माझा हात गाठीकडे गेला. ती बघत होती. मी हात खाली घेतला आणि टेम्पोवाल्याला म्हणालो, 'सावकाश जा.'